आइसलंडांतील भूर्ज व चर्मपत्र

संस्कृत ‘भूर्ज’ व आइसलंडी ‘बिर्की’ हे शब्द एकाच मूळ शब्दाचे वंशज असून एकाच जातीच्या वृक्षाचे वाचक आहेत. हिमालयांतील भूर्जाच्या सालीवर आपल्याकडील कित्येक ग्रंथ लिहिले गेले. आइसलंडांत मात्र भूर्ज असूनही ग्रंथ वासरांच्या कातड्यावर लिहिले गेले. ह्या भेदाचें कारण लेखकांच्या आवडींत नसून तेथील भूमींत आहे, तें थोडक्यांत दाखवितों.

ह्या बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर असून त्याचा दहावा हिस्सा हिमाखालीं आहे. बेट ध्रुववृत्ताला लागून असलें तरी अटलांटिकांतील उष्ण प्रवाहामुळें किनाऱ्यावरील हिवाळा अक्षांशाच्या मानानें सौम्य असतो. उन्हाळा मात्र थंड व अल्पकाळ टिकणारा. त्यामुळें जुन्या काळीं धान्य क्वचितच पिके. गवत मात्र चांगलें वाढे. भूर्जवृक्ष बहुधा ठेंगणा व वांकडा राहतो. त्याच्या सालीचीं पोथीयोग्य पानें कोठून निघणार?

आरी थोर्गिलसन ह्यानें ११२२ ते ११३३ च्या दरम्यान रचिलेल्या ‘ईस्लेंडिंगाबोक’ ग्रंथांत वसाहतीच्या वेळीं पर्वतापासून किनाऱ्यापर्यंत वन होतें असें म्हटलें आहे. आजचें उजाड बेट पाहणारास ही अतिशयोक्ति वाटेल. परंतु जुन्या मातींतील परागकण सखल प्रदेशांतील भूर्जवनांची साक्ष देतात. आरीनें वसाहतीचा आरंभ सुमारें ८७० चा दिला आहे. त्यालाही पुरावा मिळतो: ज्वालामुखीच्या राखेचा एक थर ग्रीनलंडच्या बर्फांतील कणांवरून ८७० च्या दशकांतील ठरला असून जुन्या वस्त्यांचे अवशेष बहुतेक त्याच्या वर सांपडतात.

पुढें कुरणांसाठीं व लोखंडाच्या कामास लागणाऱ्या कोळशासाठीं वन तोडलें गेलें. मेंढ्यांनीं रोपें खाल्लीं. हलकी माती वाऱ्यानें उडाली. आज भूर्जवन शेंकडा दीड इतकेंच उरलें आहे. ज्या कुरणांनीं वन गिळलें, त्यांनींच ग्रंथांना कातडें पुरविलें. १३८७ त आरंभिलेल्या ‘फ्लाटेयार्बोक’ ह्या ग्रंथाचीं मूळ पानें २०२. एका कातड्याचीं दोन धरल्यास १०१ वासरें लागलीं. शाईही रानझुडूप उकळून करीत.

आर्नी माग्नूसन (१६६३–१७३०) ह्यानें पाल विदालिन ह्याच्यासह १७०२ ते १७१२ पर्यंत शेतांची पाहणी केली. तींत गुरेंढोरें, सरपण व वाळूनें झालेली जमिनीची हानि नोंदली आहे. त्याच दौऱ्यांत तो हस्तलिखितें जमवीत होता. बिशपच्या मुकुटास ताठपणा यावा म्हणून कापून घातलेलें एका जुन्या ग्रंथाचें चर्मपत्र त्याच्या संग्रहांत आहे. जेथें कातडें इतकें मोलाचें, तेथें जुनी पोथी हेंही एक साहित्यच ठरतें.

गाई मोजणारा व पानें गोळा करणारा पुरुष एकच होता, हें आम्हां संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें. पोथीचा मजकूर उतरून घेतांना तिचें पान कशाचें, शाई कशाची, व तीं द्रव्यें कोणत्या भूमींतून आलीं, हें सूचींत नोंदलें पाहिजे. मजकुराची नक्कल पुन्हां करितां येते. पानाची साक्ष एकदां गेली कीं गेलीच.