हॅव (इंग्रजी क्रियापद)

हॅव हे इंग्रजी भाषेतील एक मूलभूत क्रियापद आहे. मुख्य क्रियापद म्हणून ते मालकी, नाते, आजार इत्यादी दर्शवते; सहायक क्रियापद म्हणून ते पूर्ण काळांची रचना करते. मराठीत या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. ते काम ‘असणे’ हे क्रियापद विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्ययांच्या साहाय्याने करते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जातो.

रूपे

वर्तमानकाळात ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ व अनेकवचनी नामांबरोबर ‘हॅव’, तर ‘ही’, ‘शी’, ‘इट’ व एकवचनी नामांबरोबर ‘हॅज’ येते. भूतकाळात सर्व कर्त्यांबरोबर ‘हॅड’ हे एकच रूप वापरतात. ‘डझ’ किंवा ‘डिड’नंतर मूळ रूप येते, म्हणून ‘डझ शी हॅव टाइम?’ हे शुद्ध, ‘डझ शी हॅज टाइम?’ हे अशुद्ध.

मराठीशी तुलना

इंग्रजीतील एकाच रचनेसाठी मराठीत अर्थानुसार वेगळ्या रचना येतात:

* नाते: ही हॅज टू ब्रदर्स – त्याला दोन भाऊ आहेत.
* जवळची वस्तू: आय हॅव ॲन अम्ब्रेला – माझ्याकडे छत्री आहे.
* स्थावर मालमत्ता: शी हॅज अ हाउस इन तुडील – तुडीलला तिचे घर आहे.
* आजार: ही हॅज फीव्हर – त्याला ताप आहे.

इंग्रजीत क्रियापद मालकाप्रमाणे बदलते, मराठीत ते मालकीच्या वस्तूप्रमाणे किंवा नात्यातील व्यक्तीप्रमाणे बदलते. वरील पहिल्या उदाहरणात भाऊ दोन असल्याने मराठीत ‘आहेत’ येते, परंतु इंग्रजीत कर्ता ‘ही’ असल्याने ‘हॅज’च राहते.

संभाषणातील इतर उपयोग

खाणेपिणे (‘हॅव सम टी’ – चहा घ्या) आणि भाग पडणे (‘आय हॅव टू गो’ – मला जावे लागेल) हे अर्थ बोलण्यात नेहमी येतात. ‘हॅविंग’ हे रूप चालू क्रियेसाठी योग्य ठरते: ‘वी आर हॅविंग लंच’. मालकी किंवा नाते सांगताना प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ऐवजी ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणतात.

पूर्ण काळ

‘मी काल अर्ज दिला आहे’ हे वाक्य मराठीत स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’सारखा भूतकाळातील निश्चित वेळ सांगितल्यास ‘हॅव’ येत नाही. ‘आय गेव्ह द ॲप्लिकेशन यस्टरडे’ असा साधा भूतकाळ वापरतात. दोन भूतकालीन घटनांपैकी आधीची घटना ‘हॅड’ने दाखवतात: ‘व्हेन आय रीच्ड महाड, द बस हॅड लेफ्ट’, म्हणजे मी महाडला पोहोचलो तेव्हा एसटी सुटली होती.