परभणीच्या जिनिंगमधले काम आणि कामगार

परभणी जिल्ह्यात कारखान्यातले काम म्हणजे आधी कापसाचे काम. निजाम राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणीच्या कापसाला दूरच्या बाजारपेठेची वाट मिळाली. पुढे याच पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले.

जिनिंगमध्ये दोन रोलरच्या रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, बायका हाताने कापूस घालत. रोलरवरच्या चामड्याला चिकटून रुई पुढे ओढली जाई, सरकी खाली गळे. शेडमध्ये दिवसभर तंतू आणि धूळ तरंगत असे. अशा धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांची छाती आवळते, खोकला जडतो. वैद्यकात याला बायसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी हा त्रास अधिक जाणवतो, म्हणजे विश्रांतीने मिळालेला आराम कामावर येताच संपतो. मजुरी वेळेवर मिळाली तरी छातीचे दुखणे मजुरीने भरून निघत नाही, हे मालकांच्या हिशेबात फार उशिरा आले.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४८ चा कारखाने कायदा इथेही लागू झाला. त्याच्या २७ व्या कलमाने, कापूस दाबण्याच्या (प्रेसिंगच्या) कारखान्यात जिथे कापूस मोकळा करणारे यंत्र चालते त्या भागात स्त्रिया आणि मुले यांना कामाला लावण्यास मनाई केली. भिंत घालून यंत्राची दोन्ही टोके वेगळी केली असतील तर मात्र कापूस घालण्याच्या बाजूला स्त्रियांना काम करता येत असे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि मोठ्या कारखान्यात पाळणाघर यांचीही सक्ती त्यात होती. ज्या बाईला तान्हे मूल घरी ठेवून यावे लागते, तिच्यासाठी पाळणाघराला मजुरीतल्या वाढीइतकेच मोल आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले की, कामाच्या ठिकाणच्या वाईट परिस्थितीमुळे असमाधान वाढते, पण ती सुधारल्याने समाधान आपोआप येत नाही. परभणीत तर अशा सोयी झाल्या तरी असमाधानाचे एक मोठे कारण, म्हणजे हंगामापुरतेच काम, तसेच राहिले. दिवाळीनंतर काम सुरू होते, उन्हाळ्यापर्यंत उरकते. पुढचे महिने शेतमजुरीचे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पण तिनेही हे चक्र बदलले नाही.

२००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिनिंगमध्ये काँक्रीटची आवारे झाली, कापूस वाहून नेणारी आणि रेच्यात आपोआप घालणारी यंत्रे बसली. धूळ कमी झाली, पण त्याबरोबर रेच्यापुढे बसणाऱ्या बायकांची गरजही घटली. ज्यांनी सर्वांत जास्त धूळ सोसली, त्यांनाच या सुधारणेचा वाटा सर्वांत कमी मिळाला.