काट्यामागचं नऊ पिनांचं पोर्ट

आपली धर्मापुरी म्हटलं की केदारेश्वराचं मंदिर आणि त्यावरची शिल्पं. आजचा विषयही इतिहासाचाच, पण दगडाचा नाही, वायरचा.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल फिटते टनावर, आणि टन ठरतो कारखान्याच्या काट्यावर. काट्याखालच्या लोडसेलवर गाडीचा भार पडतो, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा उमटतो. तिथून कॉम्प्युटरपर्यंत तो कसा जातो? कित्येक ठिकाणी अजूनही आरएस-२३२ च्या वायरवरून.

हे स्टँडर्ड १९६० चं! टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडायला अमेरिकेत निघालं. आधी २५ पिना असायच्या. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीनं नऊ पिनांचं पोर्ट रूढ केलं. १९९६ ला यूएसबी आलं, १९९८ च्या आयमॅकनं जुनी पोर्टं उडवलीच, मग हळूहळू लॅपटॉपमधूनही गेली.

सर्व्हरमधून मात्र ते पूर्ण गेलं नाही. नेटवर्क बंद पडलं, लिनक्स क्रॅश झालं, तरी शेवटचे दोन शब्द सिरियल पोर्टवरून बाहेर येऊ शकतात, कारण त्याला ड्रायव्हर जवळपास लागतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडनं तर २०२१ मध्ये सिरियल कन्सोल सुरू केला. म्हणजे पोर्ट प्रत्यक्षात नाही, तरी त्याची नक्कल चालू आहे. गंमतच आहे ना?

काट्याचं गणित वेगळं आहे. कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत बदलतो, पण काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का असतो. त्यात मोठा बदल केला की पुन्हा तपासणी. मग इंडिकेटर तोच राहतो आणि नव्या मशीनला यूएसबी कन्व्हर्टर लावतात. इथे भानगडी होतात. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत खोचला की कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर आकड्याची वाट बघत बसतं. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटनं नकली चिपचे कन्व्हर्टर चक्क निकामी केले होते. बिचाऱ्या वापरणाऱ्याला आपली चिप नकली आहे हे माहीतही नव्हतं! हंगाम जोरात असताना असं झालं तर गाड्यांची रांग थेट रस्त्यावर, उन्हात ऊस वाळून वजन घटणार.

माझ्या मते जुनं पोर्ट टिकवणं हा मागासपणा नाही. पण त्याची एक कमजोरी सांगायलाच हवी. या वायरवरून आकडा साध्या अक्षरांत जातो, ना पासवर्ड ना कुलूप. इंडिकेटरनंच पाठवला की मधल्या कुणी, हे कॉम्प्युटरला कळत नाही. काटामारीची तक्रार पोर्टाहून जुनी आहे, आणि सगळा दोष वायरचा नक्कीच नाही. तरी गाडी काट्यावर असताना इंडिकेटरचा आकडा मोबाईलमध्ये टिपून घ्या, आणि पावती हातात आली की तिथेच ताडून बघा.