फुंकरीतून कळलेली सूज

लेकराची छाती रात्री शिट्टीसारखी वाजते, त्याला धाप लागते. डॉक्टर पंप देतात. चार दिवसांत बरं वाटलं की आपण तो बंद करतो. ‘सवय लागेल’ अशी भीती असतेच. पण दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते आणि धाप थांबली तरी ती राहू शकते. ही न दिसणारी सूज ओळखायची कशी? त्याचीच गोष्ट आज आपण ऐकू या.

१८४६ साली लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी माणूस किती हवा बाहेर सोडतो हे मोजणारं यंत्र पुढे आणलं. त्यातून छातीची ताकद कळली, सूज नाही. सूज बघायची तर घशातून नळी घालून आतला तुकडा काढावा लागे. लहान मुलाला ते कसं सोसावं?

वाट सापडली स्वीडनमध्ये. १९९१ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लार्स गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सापडला. गाड्यांच्या धुरात असतो तोच. १९९३ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की दमेकऱ्यांच्या श्वासात तो दुप्पट-तिप्पट असतो. कारण सुजलेलं अस्तर हा वायू जास्त तयार करतं.

२००३ साली अमेरिकेत तो मोजणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. सुई नाही, रक्त नाही. मुलानं नळीत चार-सहा सेकंद एकसारखी, संथ फुंकर घालायची. बारा वर्षांखालच्या मुलाचा आकडा अब्ज भागांत ३५ च्या वर गेला, तर सुजेवरच्या पंपाचा गुण येण्याची शक्यता जास्त. २० च्या खाली असेल तर कमी.

हे यंत्र गावच्या दवाखान्यात भेटणार नाही. शिवाय आकडा कमी आला म्हणजे दमा नाहीच, असंही नसतं. म्हणून डॉक्टर आजही आईला विचारतात. धाप कोणत्या रात्री लागली, चुलीच्या धुरानं वाढली का, खेळताना पोर थांबतं का, हे वहीत लिहून न्या. आणि पंप कधी थांबवायचा, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवू या. खोकला थांबला म्हणजे सूज गेली असं नाही. त्या फुंकरीनं जगाला हेच तर दाखवलं.