एका विसरलेल्या आंकड्याचा इतिहास

गोंदियाला अगदीं लागून असलेल्या फुलचूर गांवीं आमच्या आत्याबाईंचें सारें आयुष्य गेलें. पण त्यांचें एकहि चांगलें छायाचित्र घरांत नव्हतें. सन १९८८ च्या कार्तिकांत, धानाची कापणी चालू असतां, आम्ही तेथें गेलों तेव्हां ही उणीव भरून काढावी म्हणून एक जपानी कॅमेरा बरोबर नेला होता. तो अंतर आपोआप ताडून भिंग जुळवून घेणारा होता. सायंकाळीं पुंजण्याजवळ आत्याबाईंना बसवून आम्हीं सबंध रोल खर्च केला. निगेटिव्ह धुऊन आली तेव्हां पदराची किनार रेखीव उमटली होती; चेहऱ्याच्या जागीं मात्र केवळ सावली होती. यंत्राचा यांत कांहीं दोष नव्हता. फिल्म १०० वेगाची होती. आणि कॅमेऱ्यावरील कडें, पूर्वीं एका लग्नाच्या वेळीं फिरविलेलें, ४०० वरच राहून गेलें होतें. पुढल्या कार्तिकापर्यंत आत्याबाई राहिल्या नाहींत. ज्या आंकड्यानें त्यांचा चेहरा आमच्यापासून हिरावून घेतला, त्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रारंभीं हा आंकडा नव्हता, आणि त्याची गरजहि नव्हती. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था सन १८५४ मध्यें स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळीं कांचेवर रसायन माखावयाचें, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची व लगोलग धुवावयाची, अशी रीति होती. कांच ज्याच्या हातची, चित्रहि त्याच्याच हातचें. स्वयंपाकिणीला जशी आपल्या चुलीची धग ठाऊक असते, तशी त्या मनुष्याला आपल्या कांचेची प्रकाश टिपण्याची तत्परता ठाऊक असे. या तत्परतेलाच पुढें ‘वेग’ हें नांव पडलें.

पुढें कोरड्या कांचा कारखान्यांत तयार होऊन पेट्यांतून विकत मिळूं लागल्या, आणि करणारा व वापरणारा यांची फारकत झाली. परक्याच्या मालाचा वेग ओळखावा कसा? इंग्लंडांतील हर्टर व ड्रिफील्ड या दोघां मित्रांनीं सन १८९० मध्यें त्याचें शास्त्रशुद्ध मोजमाप प्रसिद्ध केलें. सन १८९४ मध्यें शाइनर या जर्मन ज्योतिर्विदानें दुसरी पद्धति काढली. परंतु आंकडा मोठा तितका माल खपतो, हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. फुगविलेले आंकडे पेट्यांवर झळकूं लागले. या बेबंदशाहीला आळा घालण्यासाठीं जर्मनींत सन १९३४ मध्यें ‘डिन’ व अमेरिकेंत सन १९४३ मध्यें ‘आसा’ हीं प्रमाणें ठरलीं. त्यांच्याच जोडणींतून सन १९७४ पासून ‘आयसो’ हें जागतिक प्रमाण घडत गेलें. या मापांत आंकडा दुप्पट झाला कीं लागणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणून ४०० च्या फिल्मला १०० च्या मानानें चौथाई प्रकाश पुरतो. एक मौजेची गोष्ट अशी कीं, सन १९६० मध्यें अमेरिकन प्रमाण सुधारण्यांत आलें, तेव्हां कृष्णधवल फिल्ममध्यें तिळमात्र फरक न होतां तिचे आंकडे दुपटीनें वाढले. पूर्वीं अनाडी हातांसाठीं राखून ठेवलेली सवलत तेवढी काढून घेतली गेली!

आंकडा आला तरी बाकीचे अंदाज मनुष्याचेच होते. दादासाहेब फाळके यांनीं सन १९१२ मध्यें वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचें चलच्चित्र टप्प्याटप्प्यानें टिपलें, तेव्हां प्रकाश व अंतर यांचा हिशोब करणारें कोणतेंहि साधन त्यांच्या कॅमेऱ्याच्या पोटांत नव्हतें. सर्वच भार डोळ्यांवर असल्यामुळें डोळे जागे राहत.

सन १९७७ मध्यें जपानांत ‘कोनिका सी-३५ एएफ’ हा आपोआप भिंग जुळविणारा कॅमेरा बाजारांत आला. त्याच्या दोन लहान खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा आंत येत. एक आरसा स्थिर, दुसरा हलता. दोन्ही प्रतिमा जेथें जुळतील तेथें वस्तूचें अंतर, व तेथेंच भिंग थांबावयाचें. दाट धुकें किंवा कोरी भिंत समोर आल्यास ही दृष्टि फसे. एरवीं ती भरंवशाची होती. प्रकाशहि यंत्रच मोजी. मात्र आंत कोणती फिल्म घातली आहे, हें त्याला कळत नसे. तेवढें कडें फिरवून मालकानें सांगावयाचें. बाहेरचें सारें जग पाहणाऱ्या या डोळ्याला स्वतःचें पोट दिसत नव्हतें! सन १९८३ मध्यें कोडॅकनें फिल्मच्या डबीवर चंदेरी व काळ्या चौकोनांची लिपि आणली, आणि पुढील कॅमेरे ती वाचून वेग आपला आपण ठरवूं लागले. आमचा कॅमेरा त्या आधींच्या पिढीचा.

मनुष्याकडे दहा कामें असतात तेव्हां तो दहाहि आठवणीनें करतो. नऊ यंत्रानें उचललीं कीं उरलेलें दहावें नेमकें विसरतो, असें आम्हांस या इतिहासावरून वाटतें. चूक धुण्यापूर्वीं लक्षांत आली असती, तर फिल्म अधिक वेळ धुऊन ती थोडीबहुत सावरतांहि आली असती. हल्लीं कांहीं घरांतील तरुण मंडळी वडीलधाऱ्यांच्या पेटींतले असे कॅमेरे हौसेनें बाहेर काढीत आहेत. त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, रोल भरतांच डबीवरचा आंकडा पाहून कडें फिरवा, व खोक्याचा तुकडा कॅमेऱ्याच्या पिशवींत जपून ठेवा. फिल्म मुदत उलटलेली असेल तर तिचा वेग मंदावलेला असतो. कडें थोडें खालच्या आंकड्यावर ठेवावें.

आत्याबाईंची ती निगेटिव्ह आम्हीं टाकलेली नाहीं. उजेडासमोर धरली कीं किनार दिसते, मागचें धान दिसतें. आणि चेहरा आम्हांला अजूनहि आठवतो, म्हणून तोहि दिसल्यासारखा वाटतो. आमच्या नातवंडांना मात्र तो दिसत नाहीं.