आधी सेल, मग टॉर्च

टॉर्चच्या इतिहासात सगळा मान बल्बला दिला जातो आणि अलीकडे एलईडीला. माझ्या मते हा मान सेलचा आहे. १८६६ मधला लेक्लांशे यांचा सेल काचेच्या बरणीत द्रावण भरून चालायचा. तो हातात घेऊन अंधारात हिंडणं अशक्यच. १८८० च्या दशकात कार्ल गास्नर यांनी सांडणाऱ्या द्रावणाच्या जागी घट्ट लगदा जस्ताच्या डबीत भरला आणि ती डबीच सेलचं ऋण टोक झाली. ही कोरडी डबी होती म्हणूनच १८९९ मध्ये डेव्हिड मिझेल यांना न्यूयॉर्कमध्ये टॉर्चचं पेटंट घेता आलं. नळीत एकामागे एक सेल, एकाची टोपी दुसऱ्याच्या बुडाला टेकलेली, ही रचना आजही टिकून आहे. ते सेल लवकर दमत, म्हणून उजेड क्षणभर पाडायचा आणि बटण सोडायचं.

पुढे टॉर्च घरोघरी गेली त्याचं श्रेय ठरलेल्या मापाला द्यायला हवं. मोठा सेल, म्हणजे डी, सुमारे ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ लांब. व्होल्ट दीड. गावच्या किराणा दुकानात ‘दोन सेलचा बल्ब’ एवढंच म्हटलं की काम भागायचं. त्या बल्बवर ३ नव्हे, २.५ व्होल्ट लिहिलेले असायचे, कारण भार पडला की जस्त-कार्बनच्या सेलचा दाब उतरतो आणि बनवणाऱ्यांनी ती घट आधीच हिशेबात धरलेली होती. गिऱ्हाइकाला करायची आकडेमोड कारखान्यातच उरकलेली असायची. ठरलेलं माप सुधारणेला अडसर ठरतं, असा आक्षेप यावर घेता येईल. पण १९५० च्या दशकाअखेर अल्कलाइन सेल बाजारात आला तो त्याच मापात, त्याच दीड व्होल्टचा. जुन्या टॉर्चमध्ये तो सरळ बसला आणि कितीतरी जास्त वेळ चालला.

एलईडीने तरी सगळं बदललंच ना, असं कोणी विचारेल. पांढरी एलईडी १९९६ पासून विकत मिळते. पण तिला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल जरा उतरले की कमी पडतात. हे गणित जमवलं लिथियम-आयन सेलने. सोनीने तो १९९१ मध्ये बाजारात आणला आणि त्यातून १८६५० हे माप रुळलं: १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी, ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. एका सेलवर एलईडी झगझगीत पेटू लागली. मात्र डी सेल विकायचाच होता तो सुटा, गिऱ्हाइकाने हाताने बदलायचा म्हणून. १८६५० प्रामुख्याने गेला कॅमेऱ्यांच्या आणि लॅपटॉपच्या बंद पॅकमध्ये, नियंत्रक सर्किटच्या पहाऱ्यात. हौशी मंडळींनी तो तिथून काढून टॉर्चमध्ये आणला आणि पूर्वी कारखाना करायचा ती आकडेमोड त्यांच्या अंगावर आली.

कारण १८६५० हा आकडा फक्त माप सांगतो. संरक्षक सर्किट लावलेला सेल ६८ ते ७० मिलिमीटर भरतो. आखूड नळीत तो घातला की मागचं झाकण आटेभर बसत नाही. सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये पुढच्या प्लास्टिकच्या कड्यामुळे संपर्कापर्यंत पोचतच नाही. ते कडं सेल उलटा पडला तर सर्किट वाचावं म्हणून मुद्दाम बसवलेलं असतं, ते खरवडून काढू नये. मग संरक्षित सेल घ्यावा आणि निर्धास्त व्हावं, हा सल्ला मला अर्धाच पटतो. जास्त अँपिअर ओढणाऱ्या टॉर्चमध्ये ते सर्किट ऐन वेळी प्रवाह तोडतं. म्हणून एलईडी किती अँपिअर ओढणार हे आधी पाहावं, तेवढा प्रवाह सतत देणारा सेल निवडावा आणि नळी व ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा प्रवाह सांभाळणारं सर्किट, त्याच्यावरून ठरवावेत. एका सेलसाठी बनवलेल्या ड्रायव्हरला मालिकेत दोन भरलेले सेल जोडले तर ८.४ व्होल्ट मिळतात आणि तो जळतो. त्यातला एक सेल जुना, एक नवा असेल तर जुना आधी रिता होतो आणि नवा त्याच्यातून उलटा दाब रेटतो. जस्ताचा सेल अशा वेळी फार तर पाझरायचा. लिथियमचा पेट घेऊ शकतो. वेष्टनावर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलेला १८६५० तर हातातही धरू नये, नामांकित कारखान्यांचे सेल ३५०० च्या आसपास असतात.