पक्षाघातोत्तर पुनर्वसन (बुधवार पेठ, पुणे)

पक्षाघाताने लुळे पडलेले हातपाय पुन्हा कामाला लावण्यासाठी केल्या जाणाऱ्या उपचारांना पक्षाघातोत्तर पुनर्वसन म्हणतात. बोलीभाषेत ‘अंगावरून वारं गेलं’, ‘लकवा मारला’ किंवा ‘पॅरालिसिसचा अटॅक आला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. यातले ‘वारं’ आयुर्वेदातील वाताच्या कल्पनेशी नाते सांगते. मात्र बिघाड हातापायात नसतो, तो मेंदूत असतो. रक्ताची गुठळी अडकल्याने किंवा रक्तवाहिनी फुटल्याने मेंदूचा एखादा भाग निकामी होतो आणि तेथून स्नायूंना जाणारा हुकूम तुटतो. हा हुकूम वाहून नेणारे चेतातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून उजव्या मेंदूतील इजा डाव्या अंगावर दिसते. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना २००३ मध्ये पक्षाघात झाला तेव्हा त्यांचे डावे अंग अधू झाले होते.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. शेजारच्या व दूरच्या पेशी त्यांचे काम थोडेफार अंगावर घेतात, आणि हा बदल वापराने घडतो. म्हणून या उपचारांचा गाभा सरावात आहे, औषध त्याला फक्त साथ देते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. सहा महिने उलटले म्हणून रुग्णाला अंथरुणावर सोडून देणे चूक आहे. अति घाईही तितकीच वाईट. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,१०४ रुग्णांच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या अभ्यासात पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार व दीर्घकाळ उठवून चालवले, तेव्हा निष्पत्ती उलट खालावली.

अवयव आधी ढिला पडतो, मग बहुधा ताठरतो. कोपर दुमडते, मूठ आवळते, पाऊल खाली झुकून चालताना घासते. स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी या प्रवासाच्या पायऱ्या मांडल्या, त्या आजही शिकवल्या जातात. ताठरपणा फार असेल तर ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने देतात. त्याने स्नायू सैल होतो, पण हात चालवणे पुन्हा शिकावेच लागते.

सराव कशाचा करायचा, याचे उत्तर पेशागणिक बदलते. बुधवार पेठेत ते सहज उमगते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराला पेचकस फिरवायचा असतो, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्याला गठ्ठ्याला सुतळी बांधायची असते, दगडूशेठ गणपतीच्या देवळाजवळच्या हारवाल्याला दोऱ्यात फूल ओवायचे असते. रबरी चेंडू हजारदा दाबण्यापेक्षा असे खरे काम तुकडे पाडून पुन्हा पुन्हा करणे अधिक फळते. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येत असतील, तर धडधाकट हातावर जागेपणीच्या सुमारे ९० टक्के वेळ जाड मोजा चढवून अधू हातालाच कामाला लावतात. एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून निघालेल्या या पद्धतीची २२२ रुग्णांवरील ‘एक्साइट’ चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन आठवड्यांच्या या कष्टांचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. ज्यांचा हात अजिबात हलत नाही, त्यांच्यासाठी आरसा आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेवर हा उपाय प्रथम योजला, आणि १९९९ पासून तो पक्षाघातातही वापरला गेला. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करून चांगला हात हलवायचा. प्रतिबिंबात अधू हातच हलतो आहे असे मेंदूला दिसते.

पायाचे बहुधा हातापेक्षा लवकर भागते. पण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्याला दवाखान्याच्या सपाट फरशीवर चालता येणे पुरत नाही. अरुंद, उंच पायऱ्यांचा लाकडी जिना हीच त्याची खरी परीक्षा. शिकवण साधी आहे : चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. कठडा मात्र दोन्ही अंगांना हवा. तो एकाच बाजूला असेल, तर चढताना चांगल्या हाताशी असलेला कठडा उतरताना अधू हाताकडे येतो. अशा वेळी कुणाला मागे उभे करून पाठमोरे उतरायला शिकवतात. जिन्याला दुसरा कठडा बसवणे हा खर्च नसून उपचारच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

घरात सर्वाधिक हानी खांद्याची होते, तीही मायेपोटी. रुग्णाला उठवताना अधू हात धरून ओढला की स्नायूंचा आधार गेलेला खांदा खोबणीतून सरकतो, मग महिनोन्‌महिने दुखतो. आधार पाठीला व कमरेला द्यावा, बसताना हाताखाली उशी ठेवावी. तेलाच्या मालिशने अंग मोकळे वाटते, पण दुसऱ्याने चोळल्याने हात चालू लागत नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे कढत तेल किंवा शेक घातक ठरतो.

या विद्येची भारतातील मुळे महाराष्ट्रात आहेत. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पेठेला जवळची मोठी रुग्णालये म्हणजे रास्ता पेठेतील के. ई. एम. आणि स्टेशनाजवळील ससून. अडचण असते ती घरी परतल्यावर सराव करून घेण्याची.

ते काम कुटुंबावर सोपवून पाहण्याचा मोठा प्रयोग भारतातच झाला. देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत एका गटातील रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, फरक पडला नाही. सून, मुलगा किंवा बायको कमी पडली असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. थोडक्या शिकवणीच्या बळावर त्यांच्याकडून प्रशिक्षित माणसाच्या कामाची अपेक्षा ठेवली गेली. फिजिओथेरपिस्टने वाड्याचा जिना चढून वर जावे, तिथलीच चूल, मोरी, दुकानाचा गल्ला पाहून सराव आखावा आणि पुन्हा पुन्हा येऊन तो बदलावा, ही गरज कायम आहे.